आमची काही अट नाही

“बाहेरचं कुणी पुढं येत नसेल तर घरचंच उदाहरण घ्या की!” बोत्रे सर माईकवर म्हणाले आणि पुढच्या सगळ्या रांगांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हा नाश्त्याच्या पाकिटातला लाडू फोडत होते. तो तसाच पाकिटात टाकला आणि रुमालाला हात पुसले. बार्शीतलं मंगल कार्यालय, आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा, ऐन एप्रिल, डोक्यावर पत्रा, आणि पंखे असे की वारा फक्त पंख्यालाच लागावा. स्टेजवर पांढरा पडदा बांधला होता. त्याच्याजवळ टेबलावर लॅपटॉप घेऊन माझी धाकटी बहीण वृषाली बसली होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती.

मी शैलजा. तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. अर्ध्या बार्शीचं रक्त मी काढलंय. माझं तोंड तेव्हाही फटकळ होतं, आताही आहे. लॅबमध्ये येणारे म्हणायचे, बाई, सुई हळू टोचा आणि बोलणं त्याहून हळू. पण मेळाव्यात शिरलं की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. मला मंगळ. चहा-पोह्यांचे कार्यक्रम इतके झालेले की पोहे कितपत तिखट करायचे हे समोरच्या पार्टीच्या गावावरून मी ठरवायची.

वृषाली पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथल्याच मंदारशी तिचं जमलं होतं. मंदारचे आईवडील रीतसर येऊन गेले, अण्णांनाही मुलगा पसंत पडला. फक्त अण्णा म्हणाले, “मोठीचं होऊ दे. मोठीच्या अक्षता पडल्या की महिन्याभरात हिचं करतो.” असं दोन वर्षं चाललं. शेवटी मंदारच्या आईनं फोन करून सांगितलं की यंदाची लग्नसराई आम्ही थांबतो, पुढं मात्र आमच्या मुलाला दुसरीकडे बघायला आम्ही मोकळे. हे वृषालीनं मला रडत सांगितलं, आणि सांगताना चार वेळा म्हणाली, “ताई, तुझ्यावर काही दडपण नाही हं.” दडपण नाही म्हणे. माझ्या मंगळापायी तिचा संसार अडला होता, हे मला कळत नव्हतं होय?

म्हणून तर तिनं अटींवरून स्थळं शोधून देणारा प्रोग्राम लिहिला होता. मेळावा भरवणाऱ्या मंडळाकडे आलेला प्रत्येक मुलाचा फॉर्म तिनं रजा काढून स्वतः टाइप केला होता.

“या की शैलजाताई,” बोत्रे सर म्हणाले. ते रिटायर हेडमास्तर, मंडळाचे सचिव, आणि हातात माईक आला की त्यांना मूल पहिलीतलं आहे की एकतीस वर्षांचं हे कळायचं नाही. “लाजू नका. इथं सगळे आपलेच आहेत.”

सगळे आपलेच, हाच तर वांधा होता.

मी अण्णांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत, स्वतः शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मान हलवली. मी उठले आणि स्टेजवर गेले.

वृषाली माईकवर समजावून सांगायला लागली. “हे बघा, मी काय केलंय, एकेका अटीची एकेक टोपली केलीय. पदवीधर मुलांची नावं एका टोपलीत. निर्व्यसनी मुलांची दुसरीत. बायकोनं नोकरी केलेली चालेल म्हणणाऱ्यांची तिसरीत. एकच मुलगा दोन-तीन टोपल्यांतही असू शकतो. प्रोग्रामिंगमध्ये या टोपलीला सेट म्हणतात. मुलीनं आपल्या अटी सांगायच्या. त्या सगळ्या टोपल्यांत जे नाव सापडेल, तेवढंच हा प्रोग्राम वर काढतो. म्हणजे कुणाला स्थळांची अख्खी पुस्तिका चाळायला नको.”

“कुठल्या भाषेत लिहिलंय म्हणायचं हे?” मागून एका काकांनी विचारलं.

“पायथॉन.”

“म्हणजे अजगर! गिळायचा बरं का एखाद्या नवरदेवाला.”

हॉल हसला. मीही हसले. तोवर सगळं बरं चाललं होतं.

“हं, सांगा ताई,” बोत्रे सर म्हणाले आणि माईक माझ्या तोंडापुढं धरला. “अपेक्षा काय आपल्या?”

मी घडाघडा सांगितल्या. पदवीधर हवा. निर्व्यसनी हवा. नोकरी सोडायला लावू नये. बार्शीच्या जवळचा हवा, म्हणजे अण्णांकडे येता-जाता येईल. आणि मंगळ चालणारा हवा. कितीदा सांगितलेल्या त्या, मध्ये श्वासही घ्यावा लागला नाही. वृषालीनं एकेक ओळ लिहिली. पडद्यावर प्रत्येक टोपलीपुढं आकडा आला, किती मुलं आहेत त्याचा. निर्व्यसनींची टोपली सगळ्यात मोठी होती. जवळजवळ सगळेच त्यात. सकाळी कार्यालयाच्या बाहेर पानाच्या टपरीवर ज्यांची गर्दी होती ते कुणीकडचे पाहुणे होते कोण जाणे. आणि सगळ्यात छोटी टोपली मंगळाची.

“आता सगळ्यांत समान कोण ते बघू,” वृषाली म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक शब्द आला, सेट, आणि त्याच्यापुढं रिकामा कंस.

बोत्रे सरांनी चष्मा वर केला. “सेट. हे कोण? कुठल्या गावचे सेट? आहेत का हॉलमध्ये?”

“सर, ते नाव नाहीये,” वृषाली हळू म्हणाली. “ते... म्हणजे रिकामं आलं. कुणीच नाही.”

तिचं हळू बोलणंही माईकनं मागच्या भिंतीपर्यंत पोचवलं. कुणीतरी हसलं, मग पाठोपाठ बरेच हसले. फार दुष्टपणानं नाही, लग्नघरात हसतात तसंच. पण माझे कान तापले. रिकामा कंस इतका मोठा दिसतो हे मला माहीत नव्हतं. भिंतीएवढ्या पडद्यावर माझ्यासाठी कुणी नाही, असं लिहून आलं होतं आणि खाली अख्खा समाज वाचत होता.

“अटी जास्त झाल्या हो!” बायकांच्या बाजूनं आवाज आला. “एखादी काढा.”

“बरोबर,” बोत्रे सर म्हणाले. “पदवीचं एवढं काय? माणूस हुशार असला म्हणजे झालं. काढा पदवी.”

वृषालीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “काढ.” तिनं पदवीची ओळ पुसली, बटण दाबलं. पुन्हा रिकामा कंस.

“अजून एक!” आता मागची पोरंही रंगात आली होती. क्रिकेटची मॅच बघावी तसे ओरडायला लागले.

वृषाली माझ्या कानाशी आली. माईकवर हात ठेवून म्हणाली, “ताई, बार्शीजवळचं काढू? त्यानं फार कमी होतायत गं. मराठवाड्यात बरेच आहेत.”

“काढ.”

“अण्णा समोर आहेत.”

“काढ म्हणते ना!”

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णांचा स्वयंपाक, गोळ्या, कधीमधी रात्री बसणारी दम्याची उबळ, सगळं मी बघायची. ती अट मी त्यांच्यासाठीच घातली होती, आणि त्यांना ते माहीत होतं. पडद्यावरून ‘बार्शीजवळ’ हा शब्द मागून एकेक अक्षर करत पुसला गेला. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. वडलांना भर सभेत, त्यांच्याच डोळ्यांदेखत पुसायचं, एवढी निर्लज्ज मी कधी झाले, असं मनात येत होतं आणि तरी मी पडद्याकडेच बघत होते. कारण माझ्या डोक्यात एकच होतं, एखादं नाव येऊ दे. कुणाचंही येऊ दे. वृषाली मोकळी होईल.

पुन्हा रिकामा कंस.

“आता निर्व्यसनी काढा!” पोरं ओरडली. “निर्व्यसनी काढा!”

मी मान हलवली. वृषालीनं पुसलं, दाबलं. आणि पडद्यावर एक नाव आलं. दिगंबर लचके, परभणी, आयटीआय, वायरमन.

टाळ्या पडल्या. बोत्रे सरांना आनंद मावेना. “दिगंबरराव! कुठं आहात? उभे राहा की!”

डाव्या बाजूला एक माणूस उभा राहिला. पस्तिशीचा असेल. सावळा, खिशाला पेन, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. वृषालीनं घाईघाईनं त्याचा फॉर्म उघडला तर तो पडद्यावरच उघडला. व्यसनाच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलेलं. या माणसानं लिहिलं होतं, तंबाखू.

मग काय हशा पिकला! “डबी दाखवा, डबी!” “चुना सासऱ्याकडून बरं का!” अण्णा मान खाली घालून बसले होते. माझ्या पायांखालचं स्टेज खचलं तर बरं, असं मला वाटत होतं.

एकानं त्या माणसाच्या हातात माईक दिला. त्यानं आधी माईक हाताळून बघितला, मग शांतपणे बोलला.

“मी तंबाखू खातो. खातो म्हणून लिहिलं. ताईंनी आधी जे सांगितलं त्यात मी बसत नव्हतो. मग ते पुसलं, तेव्हा बसलो.” त्यानं बोत्रे सरांकडे बघितलं. “असं पुसून बसवू नका, सर. त्यांनाही बरं नाही दिसत आणि मलाही.”

माईक परत देऊन तो खाली बसला. हॉलमध्ये मग उगाच खोकले, खुर्च्यांचे आवाज.

खरं सांगते, त्या माणसाचा मला इतका राग आला होता! वाटलं, कोण हा, तंबाखू मळणारा, आणि मला नाही म्हणतो? ते नाही म्हणणं नव्हतं हे कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली. त्या क्षणी एवढंच कळलं की सगळं काढून एक नाव आलं होतं, तेही उभं राहून परत खाली बसलं. आता स्टेजवर मी आणि पडद्यावर उरलेल्या दोन ओळी, नोकरी आणि मंगळ.

तेवढ्यात अण्णा उठले.

अण्णांना सभेत बोलायची सवय नाही. दुकानात गिऱ्हाइकाशीही ते टेप गळ्यात घालून मापापुरतंच बोलायचे. ते स्टेजच्या पायऱ्या चढून आले, बोत्रे सरांच्या हातातून माईक घेतला आणि दोन्ही हात जोडायला गेले. माईक धरलेला असल्यानं हात नीट जोडता येईनात. तसेच अर्धवट जोडून ते म्हणाले, “मंडळी, आमची काही अट नाही.”

“अण्णा,” मी म्हणाले.

“आमची काही म्हणता काही अट नाही. मुलगी गुणाची आहे. कुणीही पुढं या. नोकरी नको म्हणाल तर सोडील. तुम्ही म्हणाल तसं.” आणि मग वृषालीला म्हणाले, “पूस ते सगळं.”

“अण्णा, सगळं पुसलं तर...”

“पूस म्हणतो ना बाळा.”

वृषालीनं नोकरीची ओळ पुसली. मंगळाची पुसली. पडद्यावर आता माझं नाव होतं आणि खाली कोरी जागा. सगळ्यांची अशी समजूत की आता अटच नाही म्हटल्यावर झाडून सगळे मुलगे येणार. मलाही तसंच वाटलं. नावांची लांबलचक रांग धडाधड पडद्यावरून खाली येईल आणि त्यातला कुणीतरी एक मला घेऊन जाईल.

तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. इंग्रजीत, चार-पाच ओळी. नाव एकही नाही. प्रोग्राम बंद पडला होता.

“मशीन बिघडलं वाटतं!” बोत्रे सर हसून म्हणाले.

“मुलीला बघून बिघडलं!” मागून कुणीतरी ओरडलं. त्या हशाला मग धरबंध राहिला नाही. अण्णा माईक हातात घेऊन त्या लाल अक्षरांकडे बघत उभे होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यांना दंडाला धरून खाली आणलं. त्या पायऱ्या उतरताना मला जी लाज वाटली ती माझी नव्हती. ती त्यांची होती, आणि ती मला उचलवत नव्हती. सर जेवणाची पंगत बसल्याचं सांगत होते. आम्ही जेवायला थांबलो नाही.

रिक्षात वृषाली लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसली होती. घरी आल्यावर अण्णांनी सदरा काढून खुंटीला लावला, पाणी प्याले आणि आरामखुर्चीत जाऊन बसले. मी कालचा भात फोडणीला टाकला. तिघांनीही चिवडल्यासारखा खाल्ला.

उन्हं कलली तेव्हा वृषालीला रडू फुटलं. “माझीच चूक आहे. काहीच अट नसली तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. कुणी एकही अट सांगणार नाही, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“गप गं,” मी म्हणाले. “तू प्रोग्राम केलास. तमाशा त्यांनी केला.”

“ते लाल लिहिलेलं काय होतं?” अण्णांनी विचारलं. डोळे मिटूनच विचारलं.

“एरर होती, अण्णा.”

“ते समजलं. पण म्हणत काय होतं?”

वृषालीनं नाक पुसलं. “ते म्हणत होतं की... निदान एक तरी द्या. म्हणजे, समान काय आहे ते शोधायला हातात एक तरी टोपली पाहिजे ना? एकही नसली तर त्याला काही करताच येत नाही. सगळे मुलगे असं उत्तर ते देत नाही. काय शोधू, असंच विचारतं.”

अण्णांनी डोळे उघडले. ते खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघायला लागले.

“तुमच्या आईच्या वेळी,” ते म्हणाले, “बैठकीला मी माझ्या वडलांच्या शेजारी बसलो होतो. तुमचे आजोबा, तिचे वडील, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, आमची काही अट नाही. असेच. आमचे वडील खूश झाले. घरी येताना म्हणाले, माणसं फार चांगली आहेत, काही मागत नाहीत. मलाही तसंच वाटलं. मोठेपणाचं वाटलं ते. आज तेच मी बोललो, आणि बोलताना मला वाटलं, केवढा मोठेपणा करतोय मी.”

“आईला काय हवं होतं?” वृषालीनं विचारलं.

“कुणाला माहीत?” अण्णा म्हणाले. “विचारलंच नाही. अट नाही म्हणाले होते ना? मग झालं. एकदा आपणहून म्हणाली होती, सोलापूरला नाटक लागलंय, जाऊ या का. मी म्हटलं, एवढी लग्नसराई उरकू दे. आता शिंप्याची लग्नसराई कधी उरकते का? पुन्हा काही ती म्हणाली नाही. मी पण विषय काढला नाही. तीस वर्षं माझ्या घरात राहिली ती बाई. तिला काय आवडायचं ते मला सांगता येत नाही. लाज वाटते रे मला. स्टेजवर त्या पोरांनी हसून घेतलं त्याची नाही. ह्याची वाटते.”

अण्णांना ‘लाज वाटते’ म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पुरुषांना ते वाक्य येतं हेच मला माहीत नव्हतं. मी उठून जायला लागले. काय करावं सुचेना की मी भांडी घासायला घेते.

“थांब,” अण्णा म्हणाले. “बस इथं. आज मला सांग. तुझी काय अट आहे?”

“अण्णा, सोडा आता.”

“सोडत नाही. सांग.”

“मग ऐका.” मी बसले. माझ्या मनात ते दुपारपासून, रिक्षात बसल्यापासून होतंच. “वृषालीचं आधी करा. मंदारच्या आईला आज फोन करा, याच लग्नसराईत करा. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. आज पोटभर म्हणून झालंय त्यांचं. आता आणखी काय म्हणणार? ही माझी अट.”

“ताई!” वृषाली म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. “करतो. तिचं आधी करतो. आज फोन करतो.” मला हायसं वाटलं, मी पुन्हा उठायला लागले. तर ते म्हणाले, “पण ही वृषालीची झाली. तुझी सांग.”

“सकाळी सांगितल्या की पाच.”

“त्या तू बोत्रेंना सांगितल्यास. पदवीधर, निर्व्यसनी, हे सगळ्याच पोरी सांगतात, ते फॉर्मवरच छापलेलं असतं. बार्शीजवळ ही माझी. मंगळ चालावा ही काय अट झाली? ती तर आपणच घातलेली भीती. नोकरी तुझी, ती मान्य. पण ती आहेच तुझ्याकडे. मला अशी सांग की जी तुला पाहिजे. आयुष्यात येणाऱ्या माणसाकडून.”

मी तोंड उघडलं. माझं तोंड, ज्याची बार्शीत ख्याती! आणि मला एकही गोष्ट सापडेना. मी खरंच शोधत होते. एकतीस वर्षांची बाई, दुसऱ्याचं रक्त काढून त्यात काय कमी, काय जास्त ते सांगणारी, आणि स्वतःला काय हवं ते तिला सांगता येईना. वृषाली माझ्याकडे बघत होती, अण्णा बघत होते, आणि मला वाटलं, तो प्रोग्राम बंद पडला तो उगाच नाही.

“काही नाही,” मी म्हणाले.

“असं नाही चालायचं.”

“अण्णा, लाज वाटते हो मला.”

“वाटू दे. मलाही वाटतीय. सांग.”

शेवटी मी त्यांच्याकडे न बघता, फरशीकडे बघून बोलले. “रविवारी लॅब बंद असते. रोज सकाळी मी उठते, चहा ठेवते, तुम्हाला देते, मग डबा भरून लॅबमध्ये पळायच्या घाईत माझा गार झालेला पिते. एकदा, म्हणजे रविवारी एकदा, मी बसलेली असावी आणि कुणीतरी मला चहा करून द्यावा. गरम. मी न मागता. बास. एवढंच.”

सांगून टाकलं आणि माझा चेहरा असा तापला की काय सांगू. भर सभेत रिकाम्या कंसापुढं उभी होते तेव्हा एवढी लाज वाटली नव्हती. तिथं मी काही मागितलंच नव्हतं, नुसतं पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं. हे मात्र मागणं होतं. आणि केवढं क्षुल्लक! लोक बंगले मागतात, परदेश मागतात. मी कपभर चहा मागितला होता आणि तोही फरशीकडे बघून.

वृषालीनं माझा हात धरला. मला वाटलं, अण्णांना हसू आलं असणार, किंवा वाईट वाटलं असणार, आणि दोन्ही मला नको होतं. खुर्ची करकरली. ते उठले होते.

वृषालीचं लग्न पुढच्याच महिन्यात झालं. मंदारच्या आईनं तिथंही विचारलं, मोठी अजून तशीच का, आणि अण्णांनी सांगितलं, तिच्या अटीत बसणारा अजून मिळाला नाही. माझंही झालं पुढं, चार वर्षांनी. बघायला आले तेव्हा मी आधी रविवारचं विचारलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघरात गेले. सत्तरीला आलेला माणूस, उभ्या आयुष्यात त्यांनी गॅस पेटवलेला आम्ही पाहिला नव्हता. आतून डबे उघडण्या-झाकण्याचे आवाज आले, एक झाकण खाली पडून गरगरत राहिलं. मी उठायला लागले तर वृषालीनं मला खाली दाबून बसवलं.

“शैला,” अण्णांनी आतून हाक मारली. मग थोडं थांबून, चाचरत, म्हणाले, “आज रविवारच आहे ना गं? साखर कुठं असते?”